रानातल्या कठीण कामासाठी सुरीचं पोलाद कसं निवडावं

सुरी घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो धारेचा: किती दिवस टिकेल? स्वयंपाकघरापुरता तो बरोबर आहे. मुक्कामाच्या ट्रेकवर मात्र तीच सुरी वाळलेल्या बांबूचं पेर फोडते, बाभळीच्या गाठीवर अडकते, पावसात रात्रभर ओली राहते आणि तिच्या पाठीवर दांडक्याचे घाव बसतात. बोथट झालेली सुरी दहा मिनिटांत दगडावर पुन्हा कामाची होते, मधोमध मोडलेली होत नाही. म्हणून रानासाठी क्रम असा लावायचा: आधी चिवटपणा, मग गंजाला टिकणं आणि सगळ्यात शेवटी धार टिकणं. पोलादाच्या जाहिराती हा क्रम बहुधा उलटा सांगतात.

आधी काम ठरवा

कागदावर कामं लिहून काढली की ती दोन गटांत पडतात. पहिला गट कापण्याचा: दोरी, कांदा, मासळी, तंबूच्या खुंट्यांची टोकं तासणं, चूल पेटवायला लाकडाच्या पातळ ढलप्या काढणं. दुसरा घाव घालण्याचा: बांबू तोडणं, नारळ सोलणं, ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं वाळकं लाकूड उभं चिरणं. पहिल्या गटाला पातळ पातं लागतं, दुसऱ्याला जाड. दोन्ही कामं एकाच सुरीकडून करून घ्यायची म्हटली की कुठेतरी तडजोड आलीच.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. शक्य असेल तर दोन हत्यारं न्या: ९ ते ११ सेंटिमीटर पात्याची, ३ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस सुरी आणि तोडण्यासाठी गावच्या लोहाराकडचा चांगला कोयता. एकच न्यायची असेल तर १२ ते १४ सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर जाड आणि मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं पातं घ्या. आणि स्वयंपाक गॅसवरच होणार असेल तर जड पात्याचा विचार सोडून द्या. लहान स्टेनलेस सुरी पुरते आणि पाठीवरचं ओझंही कमी होतं.

इथेच कायद्याचंही पाहून घ्या. हरिश्चंद्रगड, रतनगड हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज घेता येत नाही, म्हणजे तिथे पडलेलं लाकूडही उचलू नये. जळण पायथ्याच्या गावातून विकत घ्या. घरगुती किंवा शेतीकामाची हत्यारं वगळता ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात, हेही लक्षात असू द्या. प्रवासात हत्यार कमरेला न लावता म्यानात घालून पिशवीच्या तळाशी ठेवावं. विमानात ते फक्त चेक-इन सामानात चालतं.

पोलादाचे आकडे कसे वाचायचे

सुरीच्या माहितीत पोलादाचं नाव असतं. त्या नावावरून तीन आकडे शोधा: कार्बन किती, क्रोमियम किती आणि कठीणपणा किती एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप).

कार्बनमुळे पोलाद कठीण होतं. साधारण ०.६ ते ०.८ टक्क्यांपर्यंतचा कार्बन पोलादाच्या मुख्य अंगातच सामावतो. त्यापुढचा कार्बन क्रोमियम, व्हॅनेडियम अशा धातूंशी जुळून कार्बाइडचे कण तयार करतो. हे कण फार कठीण असल्यामुळे धार झिजू देत नाहीत. पण घाव बसला की तडा सुरू होतो तोही याच कणांपाशी, विशेषतः ते मोठे असतील तर. म्हणून घाव घालायच्या पात्याला ०.५ ते ०.८ टक्के कार्बन पुरेसा आहे. १.५ टक्के कार्बनचं पोलाद दोरी कापायला उत्तम, बांबूच्या पेरावर धोक्याचं.

क्रोमियमचा हिशोब थोडा फसवा आहे. साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात. पण गंज अडवतं ते फक्त मोकळं क्रोमियम, कार्बाइडमध्ये अडकलेलं नव्हे. डी२ पोलाद पाहा: कार्बन १.५ टक्के, क्रोमियम १२ टक्के. आकड्यावरून ते स्टेनलेस वाटतं, पण एवढ्या कार्बनने बरंचसं क्रोमियम बांधून टाकलेलं असतं. त्यामुळे ओल्या म्यानात एक-दोन रात्री राहिलं की या पात्यावर तांबूस ठिपके येतात. याउलट १४सी२८एन मध्ये कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन असतो. कार्बन कमी म्हणून क्रोमियम मोकळं राहतं आणि कठीणपणातला थोडा वाटा नायट्रोजन उचलतो. क्रोमियमचा फरक दोनच टक्क्यांचा, पण पावसाळ्यात वागणूक अगदी वेगळी.

कठीणपणा रॉकवेल मापात, म्हणजे एचआरसीत देतात. कोयत्याला ५२ ते ५५, लाकूड चिरायच्या सुरीला ५६ ते ५८ आणि लहान कापायच्या सुरीला ५८ ते ६० ठीक. ६२ च्या पुढचे आकडे स्वयंपाकाच्या सुरीला शोभतात. ५४ च्या खालच्या लहान सुरीची धार पहिल्याच गाठीवर वळते.

कोणतं पोलाद कशाला

लहान स्टेनलेस सुरीसाठी १२सी२७ आणि १४सी२८एन ही दोन स्वीडिश पोलादं सह्याद्रीतल्या पावसाला सगळ्यात योग्य. कण बारीक असल्याने टवके सहसा उडत नाहीत, गंज कमी आणि साध्या दगडावर धार येते. मोरा या स्वीडिश कंपनीच्या गारबर्ग सुरीत १४सी२८एन वापरलं आहे, पातं ३.२ मिलिमीटर जाड आणि मुठीतून आरपार. पहिली सुरी घेणाऱ्याने पातं कसं असावं हे पाहायला ती नजरेखालून घालावी. ४२०एचसी ची धार थोडी लवकर जाते, पण पातं मार सोसतं आणि गंजत नाही. योग्य उष्णोपचार केलेलं हे पोलाद स्वस्तात मिळालं तर बेलाशक घ्या. ८सीआर१३एमओव्ही आणि ऑस-८ कामापुरती ठीक. ४४०सी धार छान धरतं, पण कण मोठे असल्याने लाकूड चिरायला देऊ नका. नुसतं ‘४४०’ किंवा ‘एसएस’ लिहिलेलं असेल तर नेमकं काय आहे ते कळत नाही, असा माल टाळलेला बरा.

घाव घालायच्या पात्यासाठी साधी, कमी मिश्रणाची पोलादं भारी पडतात. ५१६० हे गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद: कार्बन साधारण ०.६ टक्के, क्रोमियम ०.८ च्या आसपास. लाखो हेलकावे सोसण्यासाठीच ते बनवलेलं, म्हणून कोयत्याला आणि मोठ्या सुरीला याच्यासारखं दुसरं नाही. ८०सीआरव्ही२ ची धार थोडी जास्त टिकते आणि चिवटपणा जवळपास तसाच राहतो. एकच सुरी नेणाऱ्याने कार्बन पोलादात आधी हे शोधावं. १०९५ ची ख्याती मोठी आहे, पण त्यात कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे चिवटपणात ते ५१६० च्या मागे पडतं. म्हणूनच ईएसईई ही अमेरिकन सुरी-कंपनी हे पोलाद ५५ ते ५७ एचआरसीवर ठेवते. कठीणपणा थोडा उतरवून चिवटपणा मिळवायचा, हा त्यामागचा विचार. ५२१०० म्हणजे आपल्या बाजारातलं ईएन३१, बेअरिंगचं पोलाद. त्याचं पातं पातळ आणि तीक्ष्ण ठेवता येतं. मध्यम सुरीला छान, कोयत्याला नको.

खर्च करायची तयारी असेल तर सीपीएम ३व्ही आणि मॅग्नाकट ही चूर्ण-धातूतंत्राने बनवलेली पोलादं आहेत. चूर्णापासून बनवल्याने कार्बाइडचे कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात, त्यामुळे धार आणि चिवटपणा दोन्ही बऱ्यापैकी एकत्र मिळतात. ३व्ही जास्त चिवट, पण ७.५ टक्के क्रोमियममुळे पूर्ण स्टेनलेस नाही. मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आलं आणि गंजाला फार चांगलं टिकतं. दोन्हींत व्हॅनेडियमचे कार्बाइड आहेत. ते धारेच्या साध्या दगडापेक्षाही कठीण असतात, म्हणून सोबत हिऱ्याच्या कणांची पट्टी ठेवावी लागते.

दोन गोष्टी स्पष्टपणे टाळा. एक, अनोळखी ‘डमास्कस’ नक्षीची स्वस्त सुरी. नक्षी खरी असली तरी थर कोणत्या पोलादाचे आणि जोड पक्के आहेत का, हे बाहेरून दिसत नाही. दुसरी, पॉवर हॅकसॉच्या जुन्या पात्याची सुरी. अखंड हायस्पीड पोलादाचं हे पातं विलक्षण धार धरतं आणि आपल्याकडे वर्कशॉपमध्ये त्याच्या सुऱ्या सर्रास बनतात. पण त्याचा कठीणपणा ६० एचआरसीच्या बराच वर असतो आणि घरगुती ओव्हनच्या २०० अंशांनी तो उतरतही नाही. मासळी कापा, चामडं कापा. लाकडात घालून आडवं पिरगळलं की काचेसारखं तुटतं.

लोहाराकडून करून घेताना

पोलादाचं नाव ही अर्धीच माहिती आहे. त्याला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून, विझवून ते कठीण कसं केलं आहे, यावर उरलेलं अर्धं ठरतं. चांगलं पाणी दिलेला साधा कमानपाटा हा वाईट उष्णोपचार झालेल्या महागड्या पोलादापेक्षा कधीही सरस.

कमानपाट्याचा तुकडा शक्यतो नवा घ्या. कमानी बसवणाऱ्या गॅरेजमध्ये नव्या पाट्याचे कापलेले तुकडे मिळतात आणि त्याचा प्रकारही विचारता येतो: ईएन४५, एसयूपी९, ६५एसआय७ अशी उत्तरं आली तर सगळी चालतील. रस्त्यावर वर्षानुवर्षं राबलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात आणि ते पाणी देताना उघडतात. बांधकामाची सळई घेऊ नका, तिच्यात कार्बन पुरेसा नसतो.

कामाचा क्रम असा सांगा.

१. घडाई झाल्यावर पातं लालबुंद करून हवेत निवू द्यायचं, असं तीनदा. घडाईत वाढलेला दाणा, म्हणजे पोलादातले स्फटिक, याने पुन्हा बारीक होतो.

२. घासताना धार किमान १ मिलिमीटर जाड ठेवायची. आधीच पातळ केली तर तेलात बुडवताच वाकडी होते किंवा तडकते.

३. तापवताना लोहचुंबक जवळ ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. तिथून रंग किंचितच उजळ होऊ द्यायचा, ५१६० जातीला अंदाजे ८३० अंश. कामाची जागा अंधारी असली तर रंग नीट कळतो, भर उन्हात हमखास जास्त तापतं.

४. पाण्यात नव्हे, तेलात विझवायचं. तेल ५० ते ६० अंश कोमट हवं. थंड तेल घट्ट असल्याने उष्णता हळू ओढतं. पातळ खाद्यतेल चालतं, एका पात्याला निदान ५ लिटर. भांडं धातूचं, त्यावर बसणारं झाकण हाताशी, कारण तेल पेट घेऊ शकतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू देऊ नका, त्याचा धूर विषारी असतो.

५. विझवलेल्या पात्यावर कानस चालवा. ती चावली नाही, नुसती घसरली, तर पाणी लागलं. चावली तर पुन्हा तापवा.

६. पातं हाताला सोसेल इतपत कोमट असतानाच टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणं, सुरू करा. २०० अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा ओव्हन-थर्मामीटर ठेवा. कोयत्याला जास्त चिवटपणा हवा, त्यामुळे तापमान २५० ते २७० पर्यंत न्या.

चूक बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीत होते. जास्त तापलं की पोलादाचा दाणा मोठा होतो आणि नंतर कितीही टेम्परिंग केलं तरी पातं ठिसूळच राहतं. खात्री करायची तर त्याच पट्टीचा एक छोटा तुकडा सोबत तापवून विझवा, शिकंज्यात धरून हातोड्याने मोडा आणि मोडलेली जागा उजेडात पाहा. मऊ, करडा, मैद्यासारखा बारीक दाणा दिसला तर काम बरोबर. रव्यासारखा चमकणारा खरखरीत दाणा दिसला तर पात्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्यावं लागेल. तुकडा मोडताना डोळ्यांना चष्मा हवाच.

शेवटच्या घासणीलाही जपायचं. ग्राइंडरवर धार निळी पडली म्हणजे तिथे साधारण ३०० अंश गाठले गेले आणि तेवढा भाग मऊ झाला. पातं उघड्या हाताने धरा, चटका बसला की लगेच पाण्यात बुडवा.

जाडी आणि धारेचा कोन

पोलाद उत्तम आणि आकार चुकीचा, अशा सुऱ्या बाजारात भरपूर आहेत. पाठीची जाडी सगळे पाहतात. खरं पाहायचं ते धारेच्या लगेच मागची जाडी, व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. कठीण कामाला ०.५ ते ०.७ मिलिमीटर हवी. ०.३ असेल तर टवके उडतील, १ च्या वर असेल तर सुरी लाकडात पाचरीसारखी अडकेल. धारेचा कोन एका बाजूला २० अंश, कोयत्याला २५. मधून पोकळ घासलेली पाती लाकूड चिरायला घेऊ नका.

हातात आल्यावर तपासणी

ही तपासणी घरी करा, परत देण्याची मुदत असताना. ६ मिलिमीटरची पितळी सळई शिकंज्यात आडवी धरा. धार तिच्यावर धार लावायच्याच कोनात टेकवून हळू दाबा. प्रकाशात पाहिलं तर सळईवर टेकलेली धार किंचित वाकलेली दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर उष्णोपचार उत्तम. वाकडीच राहिली तर पातं मऊ आहे, टवका उडाला तर जास्त कठीण. पूर्ण लांबीवर तीन-चार ठिकाणी हे करा. टोकापाशी पातं पातळ असल्यामुळे तिथे ते जास्त तापून बिघडलेलं असण्याची शक्यता सगळ्यात मोठी.

मग वाळका बांबू घ्या आणि पेरावर वीस घाव घाला. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे धारेची खरी परीक्षा तिथे होते. नखावरून धार हलकेच फिरवा: वळलेली जागा अडखळते, टवक्याची जागा खाचेसारखी लागते. एखादा वळलेला भाग दगडावर दोन मिनिटांत जातो. टवके मात्र कोन २५ अंशांवर नेऊनही पुन्हा उडत असतील तर सुरी परत करा.

लाकूड चिरताना पातं लाकडाच्या जाडीपेक्षा निदान ४ सेंटिमीटर लांब हवं, म्हणजे बाहेर आलेल्या टोकावर दांडका मारता येतो. दांडका लाकडाचाच, दगड किंवा हातोडी नको. गाठ आली तर सुरी पिरगळून सोडवू नका, लाकूड उलटं करून दुसऱ्या बाजूने चिरा. आमच्या पाहण्यात सुऱ्या मोडतात त्या बहुतेक याच पिरगळण्याने.

रानात धार लावणं

एक दुतर्फा हिऱ्याची पट्टी, ४०० आणि १००० ग्रिटची, आणि एक जुना चामडी पट्टा एवढं पुरे. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक तार, म्हणजे घासून वळलेली पातळ कड, लागेपर्यंत. तार पूर्ण लांबीवर आली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून घासून तार काढा आणि चामड्यावर उलट्या दिशेने ओढा. बहुतेकांची धार टिकत नाही याचं कारण पोलाद नसून ही तार असते. ती अर्धवट राहते, पहिल्या कापाला तीक्ष्ण वाटते आणि दुसऱ्याला मोडून पडते.

गंज आणि ठेवण

कार्बन पोलादाची सुरी कैरी, चिंच, लिंबू कापलं की काळपट होते. तो गंज नव्हे, तो करडा थर पुढच्या गंजाला थोडाफार अडवतो, त्यामुळे घासून काढू नका. मुद्दाम आणायचा असेल तर धार लावण्याआधी पातं साबणाने धुऊन कोमट व्हिनेगरमध्ये २० ते ३० मिनिटं बुडवा, बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि कोरडं करून तेल लावा. तांबूस, बोटाला लागणारा थर दिसला तर तो खरा गंज, तो तेल आणि बारीक पॉलिश पेपरने लगेच काढा.

कोकणात समुद्राकाठी मुक्काम असेल तर स्टेनलेसवरही भरवसा ठेवू नका. मिठातलं क्लोराइड क्रोमियमचा संरक्षक थर फोडतं आणि खोल बारीक खड्डे पाडतं. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचा हात द्या. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन यासाठी सोयीचं: खाण्याच्या वस्तूला लागलं तरी अपाय नाही आणि खवटही होत नाही. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं.

घरी आल्यावर सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार पात्याला खातात. पातं तेल लावून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, म्यान वेगळं वाळवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा, विशेषतः मूठ आणि पातं जुळतात त्या खाचेत, कारण ओल तिथेच सगळ्यात जास्त वेळ टिकते. खाच ओली वाटली तर दातकोरणीने तेलाचा थेंब आत सोडा.